लेण्यांच्या पायथ्याशी मुक्काम : तयारी, सामान आणि हिशेब



थंडीचे दिवस सुरू झाले की आपल्या वस्तीवस्तीतून सहली निघू लागतात. पहाटे चारला गाडी सुटते. दुपारी लेण्यांवर पोचायचे, धावतपळत वंदना घ्यायची, फोटो काढायचे, डबे उघडायचे आणि अंधार पडायच्या आत परतीला लागायचे. रात्री बाराला घर, सोमवारी सकाळी पुन्हा ड्युटी. मुलांना विचारावे, काय पाहिले? त्यांना लेणी आठवत नाहीत, गाडीत कोणाला उलटी झाली ते आठवते.

म्हणूनच तरुण मुले आता म्हणू लागली आहेत की, एक रात्र मुक्काम करू या. तंबू लावू, चांदणे पाहू, सकाळी उन्हाच्या आधी लेणी चढू. मागणी रास्त आहे. पण ती घरात मांडली की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला पैशाचा. तंबू, झोपायच्या पिशव्या, पाठीवरच्या सॅका ही श्रीमंतांच्या पोरांची चैन, आपल्याला कुठून परवडणार? दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा आणि तो अधिक खोल आहे. आमच्या वस्तीतील एक आजी एकदाच बोलल्या आणि सगळे गप्प झाले. त्या म्हणाल्या, "लेकरांनो, आम्ही उघड्यावर निजलो ते हौसेनं नव्हं. छप्पर नव्हतं म्हणून निजलो. आता घरं झाली, तर तुम्हाला पुन्हा उघड्यावर जायचंय?"

या दोन्ही आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय सामानाची यादी सांगण्यात अर्थ नाही. आजींना आम्ही एवढेच सांगू, आई, फरक तुम्हीच सांगितलात. तुम्हाला उघड्यावर ठेवले होते. ही मुले स्वतःच्या इच्छेने, जागेची परवानगी घेऊन, अंगाखाली अंथरूण आणि उशाशी पाणी ठेवून एक रात्र जाणार आहेत आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरी परतणार आहेत. ज्याला परतायला घर आहे त्याचाच मुक्काम सहल होतो. पैशाच्या आक्षेपाचे उत्तर लेखाच्या शेवटी आकड्यांनिशी देऊ.

मुक्काम आपल्याला नवा नाही

खरे तर मुक्कामाचे नियोजन आपल्या समाजाइतके कोणाला येत असेल? ६ डिसेंबरला दादरला येणारी माणसे पाहा. चादर, शिदोरी, पाण्याची बाटली, लहानग्याचे स्वेटर, एवढ्या सामानावर लाखो माणसे शिस्तीत रात्र काढतात. धम्मदीक्षेसाठी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जमलेल्या लोकांपैकी कित्येक जण पायी आणि बैलगाडीने आले होते. त्यांच्याजवळ कोणती महागडी सॅक होती?

आपल्या चळवळीचा इतिहास वाचतानाही मुक्कामाच्या व्यवस्थेकडे लक्ष द्यावे. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते. चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद चरित्रात आहे. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. महाडच्या व्यापाऱ्यांनी असहकार पुकारला, म्हणून शिधा आधीच आणून साठवावा लागला. जागा, पाणी, शिधा या तीन गोष्टी ठरल्या तेव्हाच हजारो माणसे तिथे राहू शकली.

दुसरी हकीकत खुद्द सहलीचीच आहे. १९३४ साली चळवळीतील कार्यकर्त्यांना बाबासाहेबांबरोबर वेरूळची बौद्ध लेणी पाहायला जायची इच्छा झाली. सुमारे तीस माणसे निघाली. वाटेत त्रास नको म्हणून प्रवासाचा गाजावाजा केला नाही. जिथे थांबायचे तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या लोकांना कळवले होते. दौलताबादला ही मंडळी धुळीने माखून पोचली. किल्ल्याच्या दाराशी तळे होते, काही जणांनी त्या पाण्याने हातपाय धुतले. एवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला तो कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारी शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आपल्या मुलांनी लेण्यांच्या पायथ्याशी नळाचे पाणी बाटलीत भरून घ्यावे आणि कोणी काही बोलू नये, यामागे काय काय आहे ते त्यांना अशा सहलीत सांगावे. वर्गात सांगितलेले विसरतात. तिथे सांगितलेले विसरणार नाहीत.

आठ वस्तूंचा संसार

सामानाची यादी करायला बसलो की ती वाढतच जाते. अशा वेळी आम्हाला भिक्खूंचे अष्टपरिष्कार आठवतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. एवढ्या आठ वस्तूंवर भिक्खू गावोगाव चारिका करीत. या यादीत दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. अंगावर घ्यायचे वस्त्र तेच अंथरूण-पांघरूण म्हणूनही चालते, म्हणजे एक वस्तू दोन कामे करते. आणि फाटलेले शिवायला सुई, पाणी गाळायला फडके आहे, म्हणजे दुरुस्ती आणि शुद्ध पाणी यांची सोय बरोबर आहे.

आपण गृहस्थ आहोत, आपल्याबरोबर मुले असणार, म्हणून सामान थोडे अधिक लागेल. पण प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत. ही दुसऱ्या कशाने भागेल काय? आणि ही प्रत्येक घराने आणायची की सगळ्यांत मिळून एक पुरेल? सहा कुटुंबांच्या सहलीला सहा कुकर आणि सहा चाकू आम्ही पाहिले आहेत. आगपेटी मात्र एकही नव्हती!

कुठे आणि केव्हा

उदाहरणासाठी मावळातील भाजे आणि कार्ले घेऊ. ही जागा कामगार कुटुंबांना सोयीची आहे, कारण पुणे-लोणावळा लोकल मळवली स्टेशनला थांबते आणि तिथून भाजे गाव पायी गाठता येते. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडावी. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी तुळया अजून आहेत. बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे. काहींवर स्थविरांची नावे कोरलेली आहेत. मुलांना हे स्तूप मोजायला सांगावेत. कार्ल्याचे चैत्यगृह देशातील दगडात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. पण तिथे एकवीरा देवीला येणाऱ्या भाविकांची गर्दी असते, म्हणून ते सकाळी लवकर पाहावे.

विहारातील खोल्यांत दगडाचे ओटे आहेत. ते भिक्खूंचे बिछाने. पावसाळ्याचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, भिक्खू वर्षावासासाठी एके ठिकाणी राहत आणि पुढे चारिकेला निघत. डोंगरात खोदलेली पाण्याची टाकी पाहावीत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हणतात आणि पोढीचे दान दिल्याचे लेख अनेक लेण्यांत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा आधी पाण्याची आणि निजण्याची सोय, मग धम्मदेसना, असा क्रम होता. आपलाही तोच ठेवू.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लेणी ही संरक्षित स्मारके आहेत. तिथे रात्री राहता येत नाही, चूल मांडता येत नाही, भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हा आहे. मेणबत्ती आणि अगरबत्तीचा धूर दगडावर बसतो, म्हणून श्रद्धेनेही ती आत लावू नये. मुक्काम पायथ्याशी, गावातल्या किंवा शेतातल्या परवानगीच्या जागेत करावा. लेणी संध्याकाळी बंद होतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी. अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवार आणि वेरूळला जाणार असाल तर मंगळवार टाळावा, त्या दिवशी ती बंद असतात.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उत्तम. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन तंबूत राहण्याच्या भानगडीत पडू नये. शनिवारच्या आसपास पौर्णिमा येत असेल तर दुधात साखर. उपोसथाचा दिवस साधतो आणि रात्री उजेडही मिळतो.

जागा आणि पाणी

जागा फोनवर ठरवू नये. दोघांनी, त्यात एक बाई असावी, आधी एका रविवारी जाऊन पाहून यावे. पाहायचे ते असे. पिण्याचे पाणी कुठले? संडासची सोय आहे काय, रात्री बायकांना तिथवर जाता येईल काय? जमीन सपाट आहे काय? ओढ्याच्या पात्रात किंवा दरडीखाली तर नाही ना? जवळचा सरकारी दवाखाना किती अंतरावर? फोनला रेंज आहे काय? रात्री दारू पिणारी टोळकी तिथे येतात काय? मावळात पवना धरणाच्या काठावर तंबू भाड्याने देण्याचा धंदा चांगलाच वाढला आहे. काही जागी मोठ्याने गाणी आणि दारू असते. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी विचारावे.

जागेच्या मालकाने नाव विचारले की पूर्ण नाव सांगावे. एका ठिकाणी आमचे सगळे ठरले होते. आगाऊ रक्कम देताना आडनाव विचारले गेले आणि दुसऱ्या दिवशी जागा भरल्याचे कळवण्यात आले. असे प्रसंग आजही येतात, पण प्रत्येक वेळी येतील असे समजून मुलांच्या मनात भीती घालू नये. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बोलणे झाले की ते लेखी घ्यावे, पैशाची पावती घ्यावी आणि दुसरी जागा मनात तयार ठेवावी. पावती हातात असली की भांडण सोपे जाते.

पाण्याचा हिशेब असा. सहा कुटुंबे, चोवीस माणसे. पिण्यासाठी माणशी ३ लिटर, स्वयंपाकासाठी २ लिटर, म्हणजे ५ लिटर. शनिवार दुपार ते रविवार दुपार, २४ गुणिले ५ बरोबर १२० लिटर. वीस लिटरचे सहा कॅन. हातपाय धुण्याचे आणि संडासचे पाणी याशिवाय. पाण्याबद्दल शंका असेल तर फडक्याने गाळून, खळखळून उकळून घ्यावे. नुसते कोमट करून उपयोग नाही.

अंथरूण आधी, तंबू नंतर

सामान घ्यायला निघालेला माणूस आधी तंबूच्या रंगाकडे पाहतो. आम्ही सांगू, आधी पाठीखाली काय घालणार ते ठरवा. थंडीत अंगातली ऊब वरून जाते त्याहून जास्त खालच्या गार जमिनीत जाते. वर दोन ब्लँकेटे घेऊन खाली नुसती चादर घातली तर पहाटे दात वाजणारच. म्हणून पहिली खरेदी फोमच्या गुंडाळीच्या चटईची. ती हलकी असते, पाणी पीत नाही, वर्षानुवर्षे टिकते. ती नसेल तर प्लॅस्टिकची चटई, त्यावर सतरंजी, त्यावर घरची गोधडी. आजीच्या हातची गोधडी कोणत्याही दुकानातील वस्तूला हार जात नाही. तिचा दोष एकच, ती जड असते. गाडीने जाणाऱ्यांनी गोधडी न्यावी, लोकलने आणि पायी जाणाऱ्यांनी चटई आणि ब्लँकेट.

झोपायच्या पिशवीवर तापमानाचे आकडे छापलेले असतात. त्यातला 'कम्फर्ट' म्हणून दिलेला आकडा पाहावा. 'लिमिट' किंवा 'एक्स्ट्रीम' हा आकडा जेमतेम रात्र काढण्याचा असतो, झोपेचा नसतो. पुणे-मावळ भागात थंडीच्या लाटेत पारा दहा अंशांखाली जातो. पण एका रात्रीसाठी सर्वांना पिशव्या घेण्याची गरज नाही. कानटोपी, पायमोजे आणि स्वेटर घालून ब्लँकेटमध्ये झोपले की काम भागते.

आता तंबू. तंबूवर 'चार माणसांचा' असे लिहिलेले असते तेव्हा ती चार माणसे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपणार असे धरलेले असते. तीन मोठी माणसे, किंवा आई-बाप आणि दोन लहान मुले, असा हिशेब ठेवावा. दुपदरी तंबू घ्यावा, आत जाळीचा पदर आणि वर वेगळे आच्छादन. एकपदरी तंबूत सकाळी आतून थेंब गळतात. लोकांना वाटते तंबू फुटका निघाला. ते पाणी आपल्याच श्वासाचे असते. वरची खिडकी थोडी उघडी ठेवली की ते कमी होते. कापड पाण्याचा किती दाब सोसते ते मिलिमीटरमध्ये लिहितात. थंडीच्या दिवसांत १५०० चा तंबू पुरतो, पावसाळ्यासाठी ३००० किंवा अधिक लागतो. दुकानातच चेन चार वेळा उघडून लावून पाहावी, शिवणी ताणून पाहाव्यात, खुंट्या आणि दोर मोजून घ्यावेत. जमिनीखाली घालायला ताडपत्रीचा तुकडा न्यावा. तो तंबूच्या तळाबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर दवाचे पाणी त्यावरून आत येते.

नुसती ताडपत्री बांधून झोपता येणार नाही काय? येईल. पण ताडपत्रीला जाळी नसते. तंबूची चेन लावली की डास, विंचू आणि साप यांना बाहेर ठेवता येते. मोठ्या माणसांनी एकवेळ ताडपत्रीखाली झोपावे, मुलांना तंबूत झोपवावे. ताडपत्री स्वयंपाकाच्या जागेवर आणि बायकांना कपडे बदलण्याच्या आडोशाला फार उपयोगी पडते. दोन घ्याव्यात.

बाकीची यादी छोटी आहे. कुटुंबामागे एक टॉर्च, डोक्याला बांधायचा मिळाला तर उत्तम, कारण हात मोकळे राहतात. सुतळी, चाकू, सुई-दोरा, आगपेटी प्लॅस्टिकच्या डबीत, कचऱ्यासाठी पिशव्या, शिटी, साबण, औषधांचा डबा. ज्याचे बीपीचे किंवा साखरेचे औषध चालू आहे त्याने दोन दिवसांचे जास्त घ्यावे. सॅनिटरी पॅड आणि जुनी वर्तमानपत्रे महिलांच्या डब्यात न मागता ठेवावीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

स्वयंपाक आणि बायकांची सुट्टी

रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅसचे सिलिंडर किंवा रॉकेल बरोबर नेऊ नये. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती आपल्याच जिवासाठी आहे. गावातून शेगडी भाड्याने मिळाली तर घ्यावी. नाहीतर शनिवारी रात्रीचे जेवण घरून. दशम्या, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. सकाळी पोहे आणि दुपारी मोठ्या पातेल्यात खिचडी. चोवीस माणसांना अडीच किलो तांदूळ आणि एक किलो डाळ पुरे. मालवाहू टेम्पोत माणसे भरून नेण्याची आपल्याकडे सवय आहे, ती आता सोडावी. ते बेकायदा आहे आणि त्यात आजवर कित्येक घरे उजाड झाली आहेत.

आता मुद्द्याचे. सहल म्हणजे पुरुषांनी पत्ते कुटायचे आणि बायकांनी घरची चूल डोंगरापाशी पेटवायची, असे असेल तर ती सहल नव्हे. आमच्या कित्येक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात, कारखान्यात पॅकिंगला जातात, त्यातून घर सांभाळतात. वर्षातली ही एक रात्र त्यांचीही आहे. म्हणून निघण्याआधी कागदावर पाळ्या लावाव्यात. शनिवारी रात्री वाढणे आणि भांडी पुरुषांकडे, सकाळी पोहे तरुण मुलांकडे, पाणी भरणे सगळ्यांकडे. तंबू लावायला मुलींना पुढे करावे. मुलगा तंबू लावतो आणि मुलगी कांदा चिरते, हे चित्र आपणच मोडायचे आहे. ज्या घरात "पोरीला रात्री कशाला पाठवायची" असे म्हणतात, त्या घराच्या आईलाच बरोबर बोलवावे. मुलीच्या न जाण्याचे कारण आपोआप संपते.

रात्रीची काळजी

तंबूच्या आत काहीही पेटवू नये. शेगडी नाही, मेणबत्ती नाही, डासांची कॉइलसुद्धा नाही. तंबूचे कापड क्षणात पेट घेते. थंडी लागते म्हणून पेटत्या कोळशाची घमेली आत घेतली तर त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. ही गोष्ट मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यावी.

चपला-बूट सकाळी झटकून घालावेत. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. पुष्कळदा दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या जड होतात. अशी लक्षणे दिसली किंवा साप चावल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठावा. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. रोग्याला चालवू नये. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला एक तासही जीव घेऊ शकतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे वेगळे सांगावे लागू नये, पण घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. विंचवाचेही तसेच. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे दगावत. महाडला दवाखाना चालवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि हे मृत्यू खूप कमी झाले. उपाय दवाखान्यात आहे, हे लक्षात ठेवावे.

रात्री दोन-दोन जणांनी तीन तासांचा पहारा द्यावा. झोपण्याआधी माणसे मोजावीत. उठल्यावर पुन्हा मोजावीत.

हिशेब

आता पैशाचा आक्षेप. आम्ही कारकुनी पेशातले, आकडे मांडल्याशिवाय आम्हाला करमत नाही.

समजा एक तंबू २४०० रुपयांना पडतो आणि तोच एका रात्रीला ३०० रुपये भाड्याने मिळतो. आठ रात्रींत किंमत वसूल. एका कुटुंबाने विकत घेतला आणि वर्षातून एकदा वापरला, तर आठ वर्षे लागतील. तोवर माळ्यावर त्याला बुरशी येईल. म्हणजे एकट्याने घेणे तोट्याचे. पण तोच तंबू विहाराचा असेल, बारा कुटुंबे, युवक मंडळ आणि बालसंस्कार शिबिर असे मिळून वर्षाला आठ रात्री वापरत असतील, तर एका वर्षात तो फुकट पडतो. तंबू महाग आहे की स्वस्त, हे तो किती जणांचा आहे यावर ठरते.

बारा कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर वर्षाचे १४,४०० होतात. पहिल्या वर्षी सगळे खर्च करू नयेत. आधी फोमच्या चटया, पाण्याचे कॅन, दोन ताडपत्र्या, टॉर्च आणि औषधांचा डबा घ्यावा. तंबू भाड्याने आणावेत, वापरून पाहावेत. कोणता टिकाऊ ते कळले की दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांना दोन याप्रमाणे घ्यावेत. पैसे महिला बचत गटाकडे ठेवावेत, कारण अनुभव असा की तिथे ते सुरक्षित राहतात. एक नोंदवही ठेवावी. काय नेले, कोणी नेले, केव्हा आणले, सही. तंबू ओला असताना घडी घालायची नाही, उन्हात वाळवून मगच पेटीत ठेवायचा. दुसऱ्या वस्तीला हवा असेल तर नाममात्र शुल्क घेऊन द्यावा. त्यातून खुंट्या आणि दोर येतात.

अशी सामाईक ठेव आपल्याकडे नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. अशा श्रेणींकडे ठेव ठेवून तिचे उत्पन्न संघासाठी लावल्याचे तिथे कोरले आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. बुरूड आणि कासार यांच्या संघटनेवर लोकांचा एवढा विश्वास होता की दानाचा पैसा तिच्या हाती दिला आणि ते दगडावर लिहून ठेवले. आपली नोंदवही कागदाची असली तरी चालेल, फक्त ती चोख असावी.

ज्यांना शंभर रुपये देणे जमत नाही त्यांच्याकडून श्रम घ्यावेत. तंबू शिवणे, वाळवणे, सामान चढवणे. पण पैसे नाहीत म्हणून एकही मूल मागे राहता कामा नये. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

पहिला मुक्काम मात्र डोंगरात करू नये. एका शनिवारी विहाराच्या अंगणातच दोन तंबू लावावेत. संध्याकाळी वंदना घ्यावी, मुलांना टॉर्च द्यावेत आणि झोपवावे. कोण रात्री घाबरते, कोणाला गार लागते, कोणती खुंटी वाकते, हे घराच्या दारात कळलेले बरे. काही बिघडले तर घर दहा पावलांवर आहे. आणि त्या आजींना अंगणात खुर्ची टाकून जरूर बसवावे. उघड्यावर रात्र कशी काढायची, कोणत्या दिशेला पाठ करून झोपायचे, दव कधी पडते, हे त्यांच्याइतके कोणत्याही दुकानदाराला सांगता येणार नाही.

पुढच्या अंकी मुलांच्या वार्षिक परीक्षेच्या काळातील आहाराविषयी लिहू.

जयभीम!